कंबर जिथल्या तिथे

(दुबईच्या अल मनखूलमधलं 'हनीफ अँड सन्स लेडीज टेलरिंग'. शनिवार, दुपारचा एक. शटर अर्धं खाली. आत तीन मशिनं आणि तीनच माणसं: मालक हनीफभाई, त्यांची बायको, जिला सगळी गिऱ्हाइकं 'भाभी' म्हणतात, आणि अठरा वर्षांचं जुनं गिऱ्हाईक, प्रज्ञा.)

प्रज्ञा: हनीफभाई, या झग्याची कंबर कुठे गेली?

हनीफभाई: कुठे जाणार? जिथे अल्लाने दिली, तिथे आणून ठेवली.

प्रज्ञा: म्हणजे?

हनीफभाई: म्हणजे ताई, तुम्ही ती इथे लावायला सांगितली होती. छातीच्या खाली. एक वीत वर! मी म्हटलं, बिचारी ताई, यूट्यूबवर बघून बघून शिकतेय, माप चुकलं असेल. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून फोन पण केला नाही. गुपचूप दुरुस्त करून टाकली.

प्रज्ञा: गुपचूप.

हनीफभाई: त्याची शिलाईसुद्धा लावणार नाही मी.

प्रज्ञा: अहो, मी कागदावर काढून दिलं होतं ना? बाण दाखवून?

हनीफभाई: बाण बघितला. मला वाटलं, चुकून वर गेला.

भाभी: मी सांगत होते. बाई शिकलेली आहे, बाण काढते तर काहीतरी असेल. पण यांना विचारायची सवय नाही ना. प्रज्ञा, तू आधी बस गो.

प्रज्ञा: बसते. पण मला वाकता येत नाही, भाभी, म्हणून जरा सरळ स्टूल द्या. आत लाकडाची पट्टी आहे.

भाभी: कशाच्या आत?

प्रज्ञा: कुर्त्याच्या आत. दोनशे वर्षांपूर्वी इंग्रज बायका झग्याखाली घट्ट चोळी घालायच्या, तिच्यात समोर एक लाकडी पट्टी. पाठ ताठ राहते. कार्यक्रमाला जाऊन बांधायला वेळ नको म्हणून घरूनच घालून आले.

हनीफभाई: या अल्ला. लाकूड कुठून आणलं?

प्रज्ञा: अल क्वोजला भिवा आहे ना, आमच्या वरच्यांची कपाटं केली तो? संगमेश्वरकडचा. त्याच्याकडून सागाची करून घेतली. तीन वेळा विचारलं त्याने, "ताई, ही पट्टी कशाची?" मी म्हटलं, पाठीसाठी आहे. त्याला वाटलं मणका गेला माझा. इतकी मन लावून घासून दिली, आणि वर कोपऱ्यात 'श्री' कोरला.

भाभी: मग आज काही वाईट होत नाही. दाखव बघू झगा. उभा धर. हं.

प्रज्ञा: नुसतं हं नका करू.

भाभी: चेन पण लावलीय पाठीला.

हनीफभाई: इन्व्हिजिबल! दिसते का कुठे? सांगा, दिसते का?

प्रज्ञा: हनीफभाई, अठराशे सतरा साली चेन नव्हती.

हनीफभाई: म्हणून तर त्यांची पंचाईत होत होती.

प्रज्ञा: आणि हा गळा? मी एवढा मोठा चौकोनी कापला होता.

हनीफभाई: तो मी झाकला. बघा ताई, राग आला तर येऊ द्या. तुम्ही माझ्या बहिणीसारख्या. एवढ्या गळ्याने माझ्या दुकानातून बाहेर पडायचं नाही.

प्रज्ञा: हे मात्र... कसं सांगू. हे तुमचं बरोबर निघालं.

हनीफभाई: बघा!

प्रज्ञा: त्या बायका दिवसा असाच पातळ कापडाचा तुकडा आत घालून गळा झाकायच्या. कार्यक्रम पाचचा आहे, म्हणजे चालेल. गळा राहू दे.

हनीफभाई: मग कंबर पण राहू दे. एवढी छान दिसते. आता वय काय तुमचं, चौपन्न? ती वरची कंबर आणि खाली एवढ्या चुण्या, लोक विचारतील, ताई, कितवा महिना?

भाभी: तौबा! काय बोलता!

प्रज्ञा: नाही, बोलू द्या. कावेरीला फोटो पाठवला होता कच्च्या शिलाईचा. पोटची पोर माझी. उत्तर आलं, "आई, सीरियसली? हू इज द फादर?"

भाभी: हसू नको, पट्टी मोडेल.

प्रज्ञा: हसत नाहीये हो. रडायला येतंय, ते असं बाहेर पडतंय. मला पाचला तिथे असायचंय, भाभी. अल रीमला. अबू धाबी म्हणजे दीड तास धरा, तीनला निघायला हवं. पाचच्या ठोक्याला दारात नावं पुकारतात. तेवढीच पंधरा मिनिटं. नंतर गेलं तर नुसतं जाऊन बसायचं.

हनीफभाई: नाव पुकारतात म्हणजे? इमिग्रेशनसारखं?

प्रज्ञा: आपण दारात उभं राहायचं. तिथे एक जण काठी घेऊन असतो, तो तीनदा जमिनीवर आपटतो आणि मोठ्याने आपलं नाव सांगतो. सगळे वळून बघतात. मग आपण आत जायचं. जुन्या काळची रीत आहे ती. जुने इंग्रजी पोशाख घालून नाचायचा आमचा ग्रुप आहे, त्यात तेवढ्यासाठी लोक वर्षभर झगे शिवतात.

भाभी: आणि तुझं नाव कधी पुकारलं?

प्रज्ञा: नाही पुकारलं.

भाभी: तीन वर्षं जातेस ना तू?

प्रज्ञा: तीन वर्षं मी मागच्या दाराने जाते. थांबा, यांचा फोन. हॅलो... हो, मिळाला... नाही हो, कंबर खाली गेलीय... माझी नाही, झग्याची!... हसू नका. पार्किंग मिळालं का?... मग फिरत राहा. तीन म्हणजे तीन.

भाभी: काय म्हणाले साहेब?

प्रज्ञा: म्हणाले, "शेवटी इंग्रजांची कंबर मोडली ती बाणकोटच्या माणसाने. हनीफभाईंना माझ्याकडून शाल-नारळ दे."

हनीफभाई: साहेब समजदार माणूस आहे.

प्रज्ञा: त्यांचं वर्षभर हेच चाललंय. मी सतरा सालातला झगा निवडला, चित्र आवडलं म्हणून. नंतर लक्षात आलं, त्याच साली खडकीला आपण हरलो आणि शनिवारवाड्यावर त्यांचं निशाण चढलं. झालं! तेव्हापासून मी मशीनवर बसले की हे सोफ्यावरून ओरडतात, "श्रीमंत, पळा, आपल्याच घरात शिवणकाम सुरू झालंय."

हनीफभाई: आमच्या बाणकोटच्या किल्ल्याला पण त्यांनी राणीचं नाव ठेवलं होतं. व्हिक्टोरिया.

प्रज्ञा: नाव ठेवलं तेव्हा ती राणी जन्मायची होती, हनीफभाई. साठ-पासष्ट वर्षं आधीचं आहे ते.

हनीफभाई: मग कुठली व्हिक्टोरिया?

प्रज्ञा: नुसतं 'विजय' म्हणून.

हनीफभाई: कमाल आहे. पन्नास वर्षं मी राणी समजून सांगतोय लोकांना.

भाभी: तुम्ही सगळंच दुरुस्त करून सांगता. द्या तो झगा इकडे. प्रज्ञा, मागचं दार काय म्हणालीस?

प्रज्ञा: काही नाही हो. पहिल्या वर्षी माझ्याकडे झगा नव्हता. मी आपली पांढरी साडी नेसून गेले. तिथली एक बाई, चांगली आहे हां, अजून मैत्रीण आहे माझी, तिने मला बघितलं आणि एवढी खूश झाली. म्हणाली, किती छान, तू आया होऊन आलीस! आणि मागच्या दाराने किचनमध्ये नेऊन माझ्या हातात ट्रे दिला.

भाभी: तू काय केलंस?

प्रज्ञा: चहा दिला सगळ्यांना.

हनीफभाई: दिला?

प्रज्ञा: चांगला दिला. किचनमध्ये वेलची सापडली, ती पण घातली. तिथून मग ते ठरूनच गेलं. दुसऱ्या वर्षी म्हणाले, प्रज्ञा चहाचं बघेल. तिसऱ्या वर्षी मी सगळ्यांच्या टोप्या शिवून दिल्या, बावीस टोप्या, आणि सामान घेऊन मागच्या दाराने आत. कुणी वाईट नाही त्यांच्यात, भाभी. मीच बोलले नाही.

भाभी: आणि यंदा?

प्रज्ञा: यंदा फॉर्म आला, त्यात 'पाहुणे' आणि 'मदतनीस' असे दोन चौकोन होते. मी पाहुण्यांवर खूण केली. एवढंच.

भाभी: अहो.

हनीफभाई: काय?

भाभी: उसवा.

हनीफभाई: सगळं?

भाभी: कंबर. तुम्ही लावली, तुम्हीच उसवा. ही घ्या ब्लेड. मी कपडा फाटलेला ऐकणार नाही.

हनीफभाई: दुपारचा जेवायचा टाइम...

भाभी: पापलेट पळून जात नाही डब्यातून. यल्ला, चला.

हनीफभाई: बघा ताई, ही दुकानाची मालकीण. बोर्डावर माझं नाव फुकट लिहिलंय.

भाभी: बोर्डावर तुमचं नाव आणि 'सन्स'. सन्स कुठे आहेत? ओवेस दोह्याला बँकेत. सुई दिसली की त्याला इंजेक्शन आठवतं.

प्रज्ञा: भाभी, उसवून कंबर वर गेली तरी अडचण आहे. आत्ता लक्षात आलं माझ्या. कंबर खाली आणताना तुम्ही मधला हा पट्टा कुठून काढलात, हनीफभाई? कापड तर मी जास्तीचं दिलं नव्हतं.

हनीफभाई: घेराच्या वरून. कापड वाया नाही घालवलं, त्यातूनच कापून मध्ये जोडलं.

प्रज्ञा: आणि टक्स घालून, बाजू कापून, अगदी फिटिंगचा केलात.

हनीफभाई: फिटिंग तर माझी...

प्रज्ञा: म्हणजे तो पट्टा परत घेरात जाणार नाही. अरुंद झाला. घेर वर चढवला की झगा खालून वीतभर आखूड. घोटे सोडा, पोटऱ्या दिसतील.

भाभी: आता बोला.

हनीफभाई: ताई. चाळीस वर्षं कैची चालवतोय. कुणाचं कापड खराब नाही केलं. तुम्ही चार महिने रोज रात्री हाताने टाके घातले होते वरच्या भागाला. मी बघितले ना. एवढे बारीक. म्हणून तर वाटलं, एवढी मेहनत केलेली बाई आणि कंबर चुकली म्हणून लोक हसले तर...

प्रज्ञा: असू द्या, हनीफभाई.

हनीफभाई: असू द्या कसं?

प्रज्ञा: मनगट दुखत होतं म्हणून घेर तुमच्याकडे दिला. स्वतः लावला असता तर माझी चूक माझ्याजवळ राहिली असती. असू द्या. साडी आहे गाडीत.

भाभी: गाडीत साडी कशाला?

प्रज्ञा: ठेवली होती आपली.

भाभी: म्हणजे तुझी आधीपासूनच तयारी. जरा काही झालं की साडी, ट्रे आणि वेलची.

प्रज्ञा: भाभी, टोचू नका ना.

भाभी: टोचायचंच काम आहे माझं. खालून वीतभर म्हणजे किती? नीट माप.

प्रज्ञा: सात इंच. घेर तीन मीटरला थोडा कमी. पण असं पांढरं कापड आता कुठे मिळणार? हे मलमल मी सहा महिने शोधत होते. बुर दुबईत कुठलं दुकान ठेवलं नाही. आणि नुसतं साधं कापड खाली जोडलं तर ठिगळ दिसेल. त्या सालात खाली झालर असायची, नाहीतर भरतकाम. ते आता तासाभरात...

भाभी: अहो, बटणांच्या डब्याखालचा ड्रॉवर उघडा. तो नाही, खालचा ड्रॉवर. अस्तरांच्या खाली हात घाला. निळी पिशवी आहे.

हनीफभाई: यात काय आहे?

भाभी: उघडू नका तुम्ही. हात काळे असतील मशीनच्या तेलाने. तिला द्या.

प्रज्ञा: भाभी.

भाभी: सात इंच आहे का बघ. मी आठ धरले होते. शिवणीत जाईल एक.

प्रज्ञा: भाभी, हे काय आहे?

भाभी: काय म्हणजे? पट्टी आहे. वेल आहे, मध्ये मध्ये कैरी. पांढऱ्यावर पांढरं. लांबून बघितलं तर काही दिसत पण नाही.

प्रज्ञा: हाताने केलंय?

भाभी: मग काय पायाने?

हनीफभाई: हे कधी केलंस तू?

भाभी: तुम्ही दुपारी पेंगता तेव्हा.

हनीफभाई: मी पेंगत नाही. डोळे मिटून हिशोब करतो.

भाभी: दोन वर्षं हिशोब केलात.

प्रज्ञा: मी कॉम्प्युटरवर म्युझियमचे फोटो मोठे करून करून बघते, भाभी. टाका कुठे शिरला, कुठे बाहेर आला. अगदी असं असतं. अशीच कैरी, ती पण आपल्याकडच्या शालींवरून गेलेली. हे काचेच्या आत ठेवतात लोक. खाली दिवा लावून.

भाभी: आमच्याकडे अस्तरांच्या खाली ठेवतात.

प्रज्ञा: कुणासाठी केलं होतं?

भाभी: आमच्या मरियमच्या लग्नातल्या वलीम्यासाठी. शराऱ्याच्या घेराला लावायचं होतं. तिला फोटो पाठवला. म्हणाली, "अम्मी, इट्स नाइस, बट टू सिंपल." शारजाहून तयार घेतला तिने, सोनेरी. छान दिसली. माशाल्ला, खूप छान दिसली.

हनीफभाई: तू मला सांगितलं नाहीस.

भाभी: तुम्ही दुरुस्त करायला बसला असतात.

प्रज्ञा: मी हे घेणार नाही, भाभी.

भाभी: कोण देतंय? लावतेय. कच्ची शिलाई घालू, उद्या उसवून परत दे. एक संध्याकाळ हवा लागू दे त्याला. पिवळं पडायला आलंय ड्रॉवरमध्ये. उठ, दोरा ओव. तू त्या टोकाने, मी या टोकाने. मध्ये भेटू.

प्रज्ञा: माझं मनगट...

भाभी: मनगट उद्या दुखव. आज खलास.

हनीफभाई: मशीनवर मारतो ना मी, पाच मिनिटात.

भाभी: मशीन लावायचं नाही याला. तुम्ही कंबर बघा. चुण्या घाला, पाठीकडे जास्त, पुढे कमी. बरोबर ना गो?

प्रज्ञा: बरोबर. तुम्हाला कसं कळलं?

भाभी: तू तीन वर्षं मोबाइल माझ्या नाकासमोर धरतेस. 'भाभी, हे बघा, भाभी, ते बघा.' मला काय डोळे नाहीत?

प्रज्ञा: मला वाटायचं, तुम्ही नुसतं हं हं करता.

भाभी: हं.

प्रज्ञा: अहो, सुई पडली. कुणीतरी उचला. मला वाकता येत नाही.

हनीफभाई: हे लाकूड घालून नाचणार कशा?

प्रज्ञा: वाकायचंच नसतं त्यात. सरळ उभं राहून पुढे जायचं, मागे यायचं, हात द्यायचा, फिरायचं. आरतीला उभं राहावं तसं. अकरा महिने शिकले मी. हे दारातून बघून जायचे आणि म्हणायचे, "यापेक्षा मंगळागौर दमवते."

भाभी: साहेब येणार आहेत ना आत? की बाहेरच?

प्रज्ञा: आत म्हणजे काय! बोलतात एवढंच. परवा रात्री कपाटात काहीतरी शोधत होते. बघते तर माझ्या सासऱ्यांचा जुना बंद गळ्याचा कोट काढून इस्त्री करत होते. मला म्हणाले, "तहाची बोलणी करायला जातोय. माणूस नीट दिसायला हवा."

भाभी: चांगला आहे गो माणूस.

प्रज्ञा: चांगला आहे. जीव खातो, पण चांगला आहे.

हनीफभाई: चेन ठेवू की काढू?

प्रज्ञा: किती वाजले?

हनीफभाई: दोन वाजून दहा मिनिटं.

प्रज्ञा: ठेवा. वरून शाल घेते. दोनशे वर्षांत तेवढं चालायचं.

हनीफभाई: बघा, एक गोष्ट तर माझी राहिली.

भाभी: दोन. गळा पण. आता गप्प बसून चुण्या मोजा. एका बाजूला जास्त झाल्या.

हनीफभाई: कुठे?

भाभी: डावीकडे.

हनीफभाई: ...हो.

प्रज्ञा: भाभी, तुमचे टाके माझ्या दुप्पट वेगाने येताहेत. मध्ये कुठे भेटणार आपण, माझ्याच टोकाला?

भाभी: तू तिथेच थांब. मी येते. तुझे टाके सरळ आहेत, पण भित्रे. एवढे जवळजवळ कशाला? निसटणार नाही ते.

प्रज्ञा: मला कुणी शिकवलं नाही ना.

भाभी: मला कुणी शिकवलं? आईला बघून. ती पण अशीच, कामं झाली की ओटीवर. कुणी विचारलं, काय करतेस, तर म्हणायची, काही नाही. झालं. गाठ मार. दात लावू नको, कैची आहे.

हनीफभाई: कंबर पण झाली. घ्या ताई. छातीखाली, तुमच्या बाणाच्या जागी. इस्त्री मारतो आणि पडद्यामागे जा.

प्रज्ञा: पावणेतीन. अहो, फोन. हॅलो... निघालेच. या, दुकानासमोर उभे राहा... दंड बसला तर बसू दे. नाही, साडी नाही. साडी गाडीतच राहू दे.

भाभी: घातलास का? येऊ का मागून?

प्रज्ञा: या. चेन लावा. हळू.

भाभी: श्वास घे. आता सोड. चल बाहेर, उजेडात ये.

प्रज्ञा: कशी दिसते? हनीफभाई, खरं सांगा. कितवा महिना?

हनीफभाई: ताई, बाण बरोबर होता.

भाभी: वळ. एकदा पूर्ण वळ. चालून दाखव. हं, बघ, चाललीस की दिसतं. उजेड पडला की वेल दिसतो. उभी राहिलीस तर नाही दिसत.

प्रज्ञा: मग मी उभी राहणारच नाही आज. थांबा, एक राहिलं. कार्ड. पर्समध्ये आहे, द्या ना. मला वाकता येत नाही. दारातल्या माणसाला हे द्यायचं, यावरून तो वाचतो. वर आपलं नाव आणि खाली पोशाख कुणी शिवला त्याचं नाव. मी 'स्वतः' लिहिलं होतं. ते आता खोटं झालं. पेन?

हनीफभाई: हे घ्या पेन. लिहा, हनीफ अँड सन्स, अल मनखूल, बेकरीच्या समोर. मोबाइल नंबर पण टाका.

प्रज्ञा: सन्सनी कुठला टाका घातला?

हनीफभाई: तसं म्हटलं तर...

प्रज्ञा: भाभी, नाव सांगा.

भाभी: कुणाचं?

प्रज्ञा: तुमचं.

भाभी: भाभी लिही की. सगळे भाभीच म्हणतात.

प्रज्ञा: भाभी म्हणून कसं पुकारतील दारात? पूर्ण नाव सांगा. अठरा वर्षं मी तुमच्याकडे ब्लाउज शिवते, मुलीच्या गॅदरिंगपासून लग्नापर्यंतचे. आणि मला... भाभी, मला तुमचं नाव माहीत नाही. मला लाज वाटतेय.

भाभी: त्यात काय लाज? मला पण कुणी विचारलं नाही बरेच दिवस. एमिरेट्स आयडीला लागतं, तेवढंच.

हनीफभाई: मरियमची अम्मी, सांग ना. साहेब बाहेर हॉर्न देतात.

भाभी: हाफिजा.

प्रज्ञा: हाफिजा. पुढे?

हाफिजा: हाफिजा हनीफ साखरकर. पण ते आता नको लिहू सगळं. कार्डावर जागा नाही.

प्रज्ञा: भरपूर जागा आहे. आणि कच्ची शिलाई मी उद्या उसवणार नाही, आधीच सांगते. हे घेऊन येईन आणि तुमच्यासमोर बसून नीट पक्की घालीन. मग झगा इथे राहील, तुमच्या काचेत. दिवा मी आणते.

हनीफभाई: माझ्या काचेत? तिथे अनारकली लावलीय.

हाफिजा: अनारकली काढा.

प्रज्ञा: हनीफभाई, तुमचा लोखंडी गज द्या इकडे. नाही, तुमच्याच हातात राहू द्या. दाराशी उभे राहा. एकदा प्रॅक्टिस करते. तीनदा जमिनीवर आपटायचं, आणि कार्ड वाचायचं, मोठ्याने. मी पडद्यातून येते.

हनीफभाई: चष्मा... हां. असं?

प्रज्ञा: जोरात.

हनीफभाई: एक. दोन. तीन. प्रज्ञा नागेश टिपणीस! अल मनखूल!

प्रज्ञा: खालची ओळ पण.

हनीफभाई: पोशाख... हाफिजा हनीफ साखरकर. बाणकोट.

प्रज्ञा: बाणकोट कुठे लिहिलंय मी?

हनीफभाई: ते मी लावलं. दुरुस्ती. चुकलं असेल तर काढतो.

प्रज्ञा: नाही. राहू दे. चला, निघते मी. भाभी... हाफिजाभाभी, काय झालं? घेर वाकडा दिसतोय का?

हाफिजा: नाही गो. घेर बरोबर आहे. अहो.

हनीफभाई: काय?

हाफिजा: परत एकदा म्हणा.